राखण

वडिलांनी गोफण दिली तेव्हा मी सात वर्षांची होते.
बैलाच्या कातड्याची, माझ्या हातापेक्षा लांब.
म्हणाले, तिरुये, दगड मारायचा नाही,
दगडाचा आवाज मारायचा.

सातूचं आमचं वावर सिमियनच्या कड्याला लागून.
वावर संपलं की जमीनच संपायची,
खाली दीड हजार हात नुसती हवा,
आणि रोज सकाळी त्या हवेतून माकडं वर यायची:
आधी बोटं, मग आयाळ,
मग छातीवरचा उघडा लाल डाग,
चूल फुंकताना ठिणगी उडावी आणि भाजावं तसा.

गवतात बसायची ती, सूप मांडीवर घेतलेल्या बायकांसारखी,
एकेक पातं निवडत,
आणि सगळा वेळ आपापसात कुरकुरत.
मला त्यांचं बोलणं निम्मं समजायचं.
सातू निसवला की मात्र कुरकुर थांबायची.
ती शांतता ऐकली की मी उठायची.

माझा भाऊ असरेस पार्कात नोकरीला लागला.
हिरवा कोट, आणि बंदूक, वडिलांपेक्षा म्हातारी.
बांधाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो.
मी माकडांपासून सातू राखायची,
तो माझ्यापासून माकडं.
संध्याकाळी एकाच ताटातला इंजेरा तोडायचो.
त्याचा घास नेहमी मोठा. म्हणायचा,
सरकारी माणसाला भूक जास्त लागते.

मग टेप घेऊन माणसं आली.
घराचे खांब मोजले: अकरा.
छप्पर: एक, गवताचं.
कोंबड्या मोजताना दोनदा चुकले.
दारातला जिबरा मोजलाच नाही,
तो कुणी लावलेला नव्हता.
माणसाहून उंच वाढतो तो, वर्षानुवर्षं,
एकदाच फुलतो, आणि उभ्या उभ्या मरतो.
आमचा अजून फुलायचा होता.

आता खाली गावात पत्र्याचं घर आहे.
गारा पडल्या की शेजारीण काय म्हणते ते ऐकू येत नाही,
एरवी सगळं ऐकू येतं.
मी रस्त्यावर कॉफी विकते.
कॅमेरेवाले लोक गाडीतून उतरतात,
दम लागलेला असतो, साखर जास्त मागतात.
पोरं विचारतात, आई, खिळ्याला हे काय टांगलंय?
मी सांगते, पट्टा आहे.

नवव्या वर्षी, पावसाळा सरल्यावर,
असरेसबरोबर वर गेले.
घर होतं तिथे गवत गुडघ्याला लागत होतं.
चूल सापडली, तीन दगड, मधे शेवाळ.
माकडांच्या कळपामधून तांबडा लांडगा चालत होता
आणि कुणी किंचाळत नव्हतं.
त्याला उंदीर हवे होते.
बिळापाशी मान खाली घालून उभा राहिला,
चर्चला उशिरा आलेला माणूस दाराबाहेर राहतो तसा.
वर एका गिधाडानं हाड सोडलं.
आवाज यायला किती वेळ लागतो, विसरले होते मी.

आमच्या खळ्यावर ती बसली होती. बरोबर खळ्यावरच.
शालीतून गोफण काढली.
असरेस बुटाची नाडी बांधायला वाकला.
त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

दगड न घालताच फिरवली. एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा तो जुना आवाज आला.
एकही उठलं नाही.
तरुण कळप सगळा, त्यांना हा आवाज कुणी शिकवला असणार?
फक्त एक म्हातारी, कान फाटलेली,
तिनं मान वर केली.
वरचा ओठ उलटा करून हिरड्या दाखवल्या मला,
मग उठली,
दोन पावलं बाजूला सरकली
आणि पुन्हा निवडायला बसली.

दोन पावलं. मी गोफण गुंडाळली.

असरेसनं वही काढली. कळप, खळ्याजवळ, एकशे बारा.
लांडगा, एक.
पेन्सिल थोडा वेळ कागदावरच राहिली,
मग त्यानं वही मिटली.
खाली उतरताना जिबऱ्याकडे बघायचं राहून गेलं.
अर्ध्या वाटेत आठवलं.
धुकं तोवर वर चढलं होतं.